आप्पांच्या शेतातला जोड

विधाते साहेबांची स्कूटर डावीकडे वळायची असली की ती आधी उजवीकडे जायची. चौकाच्या मध्यापर्यंत जाऊन, मोठा गोल घेऊन, मग सावकाश डावीकडे. घाटात एसटी वळवतात तशी. मेहेरच्या चौकातला हवालदार त्यांना ओळखायचा. लांबून निळी स्कूटर दिसली की तो मागच्या गाड्यांना हात करून थांबवायचा आणि म्हणायचा, "जाऊ द्या रे, गोलवाले साहेब आले."

मी पहिल्यांदा त्यांच्या मागे बसलो तेव्हा जीव मुठीत धरून बसलो होतो. खाली उतरल्यावर धीर करून विचारलं, "साहेब, असं का वळता?"

"महाले, उजेडाला कोपरा चालत नाही," ते म्हणाले. "पोचलं?"

तेव्हा काही पोचलं नव्हतं, पण मी मान हलवली. नंतर कळलं. साहेब टेलिफोन खात्यात केबलचं काम करत. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी फायबरच्या केबली टाकण्यात घालवली. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. तिच्या आतून उजेड धावतो आणि तो उजेड आपला मजकूर वाहून नेतो. ही तार झटकन वाकवली तर उजेड बाहेर सांडतो, नाही तर काचच मोडते. म्हणून तिला वळवायचं तर मोठ्या गोलातच. हा नियम साहेबांनी केबलपुरता ठेवला नाही. वर्तमानपत्राची घडी ते घालत नसत, गुंडाळी करत. बागेतल्या नळीला पीळ पडलेला दिसला तर दुसऱ्याच्या कुंपणातून आत जाऊन सोडवत. त्यांच्या घरी काकू म्हणायच्या, "माझ्या साड्यासुद्धा गुंडाळून ठेवा म्हणतात. घडीची पोळी पानात वाढली की तोंड पाडून बसतात. सांगा, काय करू मी?"

दुसरी सवय त्या 'पोचलं?'ची. काहीही सांगितलं की ते थांबत आणि समोरच्याकडून पोच घेत. तुम्ही 'पोचलं' म्हणेपर्यंत पुढचं वाक्य नाही. गणेशवाडीच्या भाजीबाजारात ते म्हणत, "अर्धा किलो गिलकी द्या. पोचलं?" भाजीवाल्या मावशी वैतागून म्हणत, "हातात तर पडू द्या, मग पोचलं म्हणा!" कॉलेजातले शिपाईसुद्धा त्यांची नक्कल करायचे. देवळात मात्र ते हात जोडून गप्प उभे राहत. मी एकदा गमतीनं म्हटलं, "इथं नाही विचारत, साहेब?"

"तिकडून उत्तर येत नाही, महाले. एकतर्फी लाइन आहे," ते म्हणाले. गंमत करत होते की नाही, ते मला कळलं नाही.

मी पेठ तालुक्यातला. आमच्या घरात पदवी घेणारा पहिलाच. नाशिकच्या एका शिक्षणसंस्थेत कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा मला आपण काय करतो हे घरी सांगता येत नसे. साहेब निवृत्तीनंतर आमच्या संस्थेत सल्लागार म्हणून आले होते. एकदा माझे वडील गावाकडून आले आणि हात जोडून त्यांना म्हणाले, "पोरगा काय काम करतो, तेवढं सांगा. गावात लोक इचारतात."

संस्थेची दोन कॉलेजं होती. जुनं पंचवटीत, नवं मखमलाबादच्या पुढं. दोन्हीकडे कॉम्प्युटर आपापसांत जोडलेले होते, पण इकडचा तिकडच्याशी बोलत नव्हता. मुलांचे अर्ज, निकाल, ग्रंथालयाची माहिती सगळं फ्लॉपीत भरून मी बसनं नेत असे. ते एवढं सगळं वडिलांना कसं सांगायचं? साहेब त्यांना खुर्चीवर बसवून म्हणाले, "बाबा, दोन विहिरी आहेत. दोन्हींना आपापले पाट आहेत. पण एका विहिरीचं पाणी दुसरीत जात नाही. तुमचा मुलगा आणि मी मधे पाइपलाइन टाकणार आहोत. पोचलं?"

"पोचलं," वडील म्हणाले. गावी जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं की पोरगा पाण्याच्या खात्यात आहे. पण त्या दिवशी ते ज्या समाधानानं बसमध्ये चढले, ते मी विसरलेलो नाही.

तर ही पाइपलाइन. साधी तांब्याची तार एवढ्या अंतरावर उपयोगाची नव्हती, फायबरच हवी होती. साहेबांनी खरेदी विभागाशी महिनाभर भांडण मांडलं. केबल गुंडाळलेले दोन लहान ड्रम लगेच मिळत होते, ते मधे जोडून चाललं असतं. साहेब ऐकेनात. "एकच ड्रम पाहिजे. अख्खी, सलग केबल. प्रत्येक जोडात थोडा उजेड मरतो. जिथं जोड नको तिथं जोड देणारा माणूस मला या कामावर नको." शेवटी अख्खा मोठा ड्रम मागवला. तो आवारात उतरला तेव्हा साहेबांनी त्याला प्रदक्षिणा घातल्यासारखी एक फेरी मारली.

निम्मी वाट कॅनॉलच्या कडेनं होती, तिची परवानगी मिळाली. पुढं नव्या कॉलेजपर्यंत रस्त्याच्या कडेनं जायचं ठरलं होतं. पण सिंहस्थ तोंडावर आला होता आणि तो रस्ता रुंद व्हायचा होता. तिथं खोदायला परवानगी मिळणार नाही असं कळलं. नकाशा पसरून पाहिलं तर दुसरी वाट एकच होती, कॅनॉलपासून सरळ एका मळ्यातून. मी बोट ठेवून म्हणालो, "साहेब, इथून गेलं तर सगळ्यात जवळ. मळा कुणाचा आहे ते बघतो."

साहेबांनी नकाशा गुंडाळला. "तिथून नको," म्हणाले आणि पोच न घेताच निघून गेले.

मळा कुणाचा ते मला काकूंनी सांगितलं. तो विधाते मळाच होता. साहेबांचे थोरले भाऊ, आप्पा, तिथं शेवंती, झेंडू आणि भाजीपाला करत. साहेबांना शाळा-कॉलेज शिकवलं ते आप्पांनीच, स्वतः चौथीतून बाहेर पडून. पुढं साहेब टेलिफोनात लागले. मळ्यात फोन हवा म्हणून आप्पांनी अर्ज केला. तेव्हा फोनसाठी वर्षानुवर्षांची रांग असे. आप्पा म्हणाले, "दत्तू, तुझ्या हातात हाय. एक तार टाक." साहेब म्हणाले, "आप्पा, रांग आहे. नंबर आला की मिळेल." साहेबांनी कुणाचाच नंबर पुढं घेतला नव्हता, भावाचाही घेतला नाही. मग एके दिवशी दुपारी मळ्यात त्यांच्या आईच्या छातीत दुखू लागलं. आप्पांनी गड्याला सायकलवर ऑफिसात पिटाळलं. साहेब केबलच्या कामावर लांब गेलेले. निरोप मिळून ते पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "साऱ्या नाशकाला तारा जोडल्या यानं. आईला नाय जोडली."

"तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही," काकू म्हणाल्या. "पुढं नंबर आला होता, पण आप्पांनी फोन घेतलाच नाही. यांनी तिकडचा रस्ताच सोडला. लग्नकार्यात समोरासमोर आले तरी दोघं माना फिरवतात. मागे यांना ताप आला होता ना, तेव्हा तापात आप्पा, आप्पा करत होते. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, आप्पांना बोलावू का? तर म्हणाले, कोण आप्पा?"

वाट मात्र मळ्यातूनच होती. दोन दिवसांनी साहेब मला म्हणाले, "महाले, तू जाऊन विचार. तुला तिथं कुणी ओळखत नाही."

मी गेलो. आप्पा शेवंती तोडत होते. उंच, काळेसावळे, डोक्यावर मळकी टोपी, आणि नाक अगदी साहेबांचं. मी सगळं नीट सांगितलं. त्यांनी विचारलं, "तार टाकणार कोण?"

"आमचे विधाते साहेब."

फूल तोडणारा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "त्याला म्हणावं, रांग हाय. आमच्या रानात यायची लय मोठी रांग हाय. नंबर आला की कळवू."

हे मी साहेबांना जसंच्या तसं सांगावं की नाही, याचा परतीच्या वाटेवर विचार करत होतो. शेवटी सांगितलं. साहेबांनी टेबलावरची स्कूटरची किल्ली उचलली. मग म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. चल."

स्कूटर कॅनॉलवर लावून आम्ही चालत गेलो. बांधावर साहेबांनी चपला काढल्या. मी पण काढल्या.

"आप्पा."

आप्पांनी वर पाहिलं नाही. "कोण?"

"दत्तू."

"कोण दत्तू? टेलिफोनवाला?"

"रिटायर झालो."

"मग आता कशापायी आलास? आता तर पोराटोरांच्या खिशात फोन हाय. आमच्याकडंच तेवढा नाय."

साहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मला वाटलं, आता आईचं नाव निघणार. पण ते म्हणाले, "तीन फूट खाली घालतो. नांगर लागणार नाही."

आप्पांच्या चेहऱ्यावरून काही तरी उतरून गेलं. रागच असेल असं नाही. तेवढ्यात घराकडून वहिनी तांब्या घेऊन आल्या. "उन्हात उभं करून ठेवलंय भावजींना. आधी पाणी तरी द्या!"

"तो पाणी प्यायला आला नाय. तार टाकायला आलाय," आप्पा म्हणाले.

साहेबांनी तांब्या घेतला आणि घटाघटा सगळा रिकामा केला. आप्पा ते बघत राहिले. मग पाठ फिरवून म्हणाले, "बांधाच्या कडंनं टाका. शेवंतीत पाय घालायचा नाय. दसऱ्याच्या आत माती सारखी झाली पायजे. आन् एकदा का तुमचं काम झालं, की तुमचा आमचा संबंध नाय."

परत येताना स्कूटर कोणत्या चौकात कशी वळली, हे माझ्या लक्षात नाही. साहेब दिवसभर कुणालाही 'पोचलं?' म्हणाले नाहीत. शिपायांनी मला विचारलं, "साहेबांची तब्येत बरी आहे ना?"

काम सुरू झालं. कॅनॉलच्या कडेनं केबल सलग ओढत आम्ही मळ्यात आलो. ड्रमवर पुढच्या कॉलेजपर्यंत पुरून उरेल इतकी केबल शिल्लक होती. मोटारीच्या खोलीजवळ साहेबांनी हात वर केला. "थांबा. इथं कापा."

मला वाटलं माझंच ऐकण्यात चुकलं. "साहेब, ड्रमवर भरपूर आहे."

"दिसतंय मला."

"मग इथं जोड कशाला?"

"पाट आहे इथं. माती ओली राहते, ओढ बसेल. जोड द्यावा लागेल, वर चेंबर बांधावं लागेल. झाकणाचं."

ओल्या जागी सलग केबल चांगली आणि जोड वाईट, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मजुरानं करवत उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब आभाळाकडे पाहत होते. कापली.

काच जोडायचं यंत्र भाड्यानं आणलं होतं. धुळीचा एक कण मधे आला तरी जोड बिघडतो. म्हणून साहेबांनी ताडपत्री लावून आडोसा केला, खाली चादर अंथरली आणि चपला घालून आत यायला सगळ्यांना बंदी केली. आप्पा डोकवायला आले तर त्यांनाही अडवलं.

"आप्पा, पायताण बाहेर."

"माझ्याच रानात मला पायताण काढायला लावतो!" आप्पा म्हणाले. पण काढलं, आणि वर गड्यांवर ओरडले, "ए, पाय घासू नका रे! धुरळा करू नका, काच जोडतोय तो." मग आत बसून ते भावाच्या हातांकडे बघत राहिले. साहेबांनी दोन काचेची टोकं यंत्रात धरली, बारीक ठिणगी उडाली आणि टोकं एक झाली. वहिनींनी ताडपत्रीखालून चहाचे कप आत सरकवले.

शेवटचा दिवस जोडणी सुरू करण्याचा. साहेब पंचवटीत, मी नव्या कॉलेजात. दोन्ही टोकांना एकेक छोटी पेटी होती. केबलमधल्या एका तारेतून पाठवायचं, दुसरीतून घ्यायचं. सगळं बरोबर लागलं की पेटीवर हिरवा दिवा लागतो. माझ्या हातात प्राचार्यांचा मोबाइल होता. माती सारखी कधी करून देता हे विचारायला आप्पा आले होते, ते लॅबच्या दारात चपला काढून एका स्टुलावर बसले होते.

"लागला दिवा?" साहेबांनी फोनवरून विचारलं.

"नाही, साहेब."

"तारा उलट लागल्या असतील. मी आलटापालट करतो."

मलाही तेच वाटलं होतं, म्हणून मीही इकडं आलटापालट केली होती. दिवा लागला नाही.

"तू काही बदललंस का, महाले?"

"हो साहेब."

"अरे, मीही बदललं! थांब, मी पूर्ववत करतो."

ते ऐकेपर्यंत मी माझं पूर्ववत केलेलं. पुन्हा तेच. असं तीन-चार वेळा झालं. दोघंही घाईनं आपापली चूक दुरुस्त करत होतो आणि दिवा काही लागत नव्हता. फोनवर साहेबांचा आवाज घामेजलेला वाटत होता.

"काय भानगड हाय?" आप्पांनी विचारलं.

"दोन्हीकडून नुसतं पाठवणं चाललंय, आप्पा. घेणं कुठंच नाही. एकानं बदलायचं आणि दुसऱ्यानं तसंच राहायचं, तर जमतं. आम्ही दोघंही बदलतोय."

आप्पांनी पेटीकडे पाहिलं. मग उठले आणि हात पुढं केला. "आण तो फोन."

त्यांनी तो कानापासून वीतभर लांब धरला आणि मळ्याच्या ह्या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तसे ओरडले, "दत्तू! आप्पा बोलतोय."

उत्तराची वाट न बघता ते पुढं म्हणाले,

"तू हात लावू नको. जागेवर गप बस. हिकडचं आमी बदलतो."

फोनमधून बारीक आवाज आला, "पोचलं, आप्पा."

मी दोन्ही तारा काढल्या आणि उलट्या लावल्या. हिरवा दिवा लागला. मी जवळजवळ नाचलोच. आप्पांनी फोन माझ्या हातात दिला, चपला घातल्या आणि जाताना म्हणाले, "मातीचं मात्र इसरू नका."

माती दसऱ्याच्या आत सारखी झाली. त्यानंतर विधाते साहेबांनी दर रविवारी सकाळी मळ्यात जायला सुरुवात केली. जोड तपासायला. जोड नीट आहे की नाही हे लॅबमध्ये बसून यंत्रावर कळतं, चेंबर उघडावंच लागत नाही. पण हे त्यांना मी सांगणं म्हणजे फारच झालं असतं. एकदा त्यांची सही हवी होती म्हणून रविवारी घरी गेलो तर काकू म्हणाल्या, "जोडावर गेलेत." 'बाजारात गेलेत' म्हणावं इतक्या सहज. मळ्यात जाऊन पाहिलं तर चेंबरच्या झाकणावर झेंडूच्या पाट्या मांडलेल्या, झाकणाच्या कडेनं हरळी माजलेली. दोघं भाऊ शेजारी बसून बाजारासाठी फुलं निवडत होते. साहेबांनी निवडलेली निम्मी फुलं आप्पा परत काढून टाकत होते. "इंजिनेर झालास, पण फूल वळखता येत नाय तुला." साहेब निमूटपणे ऐकत होते. मला बघून म्हणाले, "आत्ताच तपासला जोड. ठीक आहे."

"ठीक आहे, साहेब," मी म्हणालो.

पुढं काही वर्षांनी संस्थेनं दुसरी सोय केली. दोन्ही कॉलेजं एका मोठ्या कंपनीच्या लाइनवर गेली आणि आमची केबल बंद झाली. पेट्या उतरवायचं काम माझ्याकडेच आलं. साहेबांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगावं, म्हणून रविवारी मळ्यात गेलो. साहेबांना चालायला आता काठी लागत होती. वहिनी वारल्या होत्या. आप्पांना नीट दिसत नव्हतं. ते बोटांनी चाचपून शेवंती निवडत आणि साहेब शेजारून सांगत, ही पिवळी, ही डागाळलेली.

मी चाचरत सांगितलं, "साहेब, लाइन बंद केली. कालपासून."

साहेब काही बोलायच्या आधीच आप्पांचा हात थांबला. ज्या बाजूला भाऊ बसला होता, तिकडं त्यांनी मान वळवली.

"म्हंजे आता हिकडं यायचं काम नाय त्याला?"

त्यांनी विचारलं होतं मला, पण उत्तर दिलं साहेबांनी. ज्यांनी आयुष्यभर कुणाचा नंबर एका जागेनं पुढं सरकवला नाही, जे केबलविषयी एरवी कधी चुकीचा शब्द बोलत नसत, ते विधाते साहेब घसा साफ करून अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाले,

"उलट आहे, आप्पा. बंद लाइनीचा जोड जास्त बघावा लागतो. पाणी शिरतं त्यात."

आप्पांनी मान हलवली. "मग बघाया पायजे," म्हणाले, आणि हातातली शेवंती भावाच्या दिशेनं पुढं केली. "ही बघ. कशी हाय?"